तंबाखूच्या शेंड्यापासून

१९२८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. ए. विंगार्ड यांनी तंबाखूच्या एका विषाणूजन्य रोगावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनुके गप्प करणाऱ्या आरएनएचा आपला मागोवा तिथून सुरू होतो. या रोगात पानांवर एकात एक वर्तुळे उमटतात. विंगार्ड यांच्या रोपांची खालची, रोगट रस चोळलेली पाने अशी वर्तुळांनी करपली. पण नंतर शेंड्याकडून फुटलेली पाने स्वच्छ, हिरवीगार निघाली. त्यांच्यावर तोच विषाणू पुन्हा चोळला, तरी रोग येईना. वनस्पतीला ना रक्त, ना प्रतिपिंडे. मग ही राखण करत होते कोण? विषाणू म्हणजे नेमके काय हेच तेव्हा धड ठाऊक नव्हते. निरीक्षण छापले गेले आणि तज्ज्ञांच्या कपाटात पडून राहिले.

त्याला उत्तर मिळू लागले ते थेट शतकाच्या अखेरीस, आणि तेही आडवाटेने. १९८६ मध्ये रॉजर बीची यांच्या गटाने तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे जनुक तंबाखूच्या रोपात घातले आणि रोप त्या विषाणूला पुरून उरू लागले. प्रथिनच विषाणूची वाट अडवत असणार, असा सगळ्यांचा कयास. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात कॅरोलिन नापोली आणि रिचर्ड जॉर्गेन्सन यांनी पेटुनियाची जांभळी फुले अधिक गडद व्हावीत म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली. कित्येक झाडांवर फुले आली ती पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची. नवे जनुक आणि झाडाचे मूळचे जनुक, दोन्ही गप्प बसली होती. दोनेक वर्षांत ओरेगॉनमधल्या जॉन लिंडबो आणि विल्यम डोहर्टी यांनी तंबाखूत विषाणूचे मुद्दाम मोडलेले जनुक घातले. त्यातून आरएनए, म्हणजे जनुकाची निरोप्या प्रत, तयार होई, प्रथिन होत नसे. तरीही रोपे तगली. काही रोपे आधी आजारी पडत आणि मग त्यांची नवी पाने निरोगी फुटत; विंगार्ड यांनी पाहिले होते तसेच.

१९९८ हे या कहाणीतले मोक्याचे वर्ष. फेब्रुवारीत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांचा निबंध आला. सूत्रकृमीच्या स्नायूंशी संबंधित एका जनुकाचा आरएनए त्यांनी कृमीत टोचला. एकपदरी आरएनएने फारसे काही झाले नाही. दुपदरी टोचला तेव्हा त्या कृमीची पिल्ले झटके देत थरथरू लागली, म्हणजे ते जनुक बंद पडले. मे महिन्यात हवाई बेटावरच्या पुना भागात शेतकऱ्यांना नव्या पपईचे बी वाटले गेले. १९९२ पासून तिथल्या बागा रिंगस्पॉट विषाणूने उजाड होत होत्या (जळगाव-धुळ्याच्या बागायतदारांना या विषाणूची ओळख करून द्यायला नको). डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाची ही पपई आवरण-प्रथिनाच्या जुन्या कल्पनेवर उभी होती. ती तगली खरी, पण आरएनएच्या जोरावर, हे मागाहून कळले. शेत प्रयोगशाळेच्या पुढे निघून गेले होते!

१९९९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचला अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बोलकोम यांना जनुक गप्प झालेल्या आणि विषाणू शिरलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या रोपांत साधारण २५ अक्षरी इवलेसे आरएनए सापडले. आता साखळी जुळली. बहुतेक वनस्पती-विषाणू आरएनएचेच. ते आपली नक्कल करताना दुपदरी आरएनए बनतो. पेशी त्याचे तुकडे पाडते आणि तेच तुकडे नमुन्यासारखे वापरून जुळणारा प्रत्येक आरएनए शोधून कापते. २००६ चे नोबेल फायर आणि मेलो यांना मिळाले. वनस्पतीवाल्यांना त्यात वाटा मिळाला नाही, आणि माझ्या मते तो अन्यायच होता.

माणसाच्या पेशीत ही युक्ती आणताना जुनाच अडसर उभा राहिला. दुपदरी आरएनए दिसताच आपली पेशी विषाणू आल्याची वर्दी देणाऱ्या इंटरफेरॉन या प्रथिनाचा गजर करते, हे मॉरिस हिलमन यांच्या गटाने १९६७ मध्येच दाखवले होते. २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुश्ल यांच्या गटाने आयताच २१ अक्षरी तुकडा पेशीत सोडला. तो एवढा आखूड की गजर न होता नेमके जनुक बंद पडले. मग कंपन्यांची झुंबड उडाली, पैसा ओतला गेला, आणि नुसता आरएनए शरीरात टिकत नाही हे उमगताच बऱ्याच जणांनी काढता पाय घेतला. रोश ही बडी औषध कंपनी २०१० मध्ये बाहेर पडली. पहिले औषध, पॅटिसिरान, ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य झाले. मेदाच्या सूक्ष्म थेंबांतून ते यकृतात पोचते आणि एका आनुवंशिक विकारातले घातक प्रथिन रोखते. पुढे यकृतपेशीने आपणहून आत ओढून घ्यावी अशी शर्करा आरएनएला जोडली गेली. कोलेस्टेरॉलवरचे इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदाच टोचतात.

विषाणूशी लढताना घडलेल्या या हत्यारातून अमेरिका-युरोपात माणसासाठी मान्य झालेले एकही औषध मात्र अजून विषाणूवरचे नाही. यकृतातच मुक्काम ठोकणाऱ्या हिपॅटायटिस बी वर चाचण्या चालू आहेत. त्यांत विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण चांगलेच उतरते. परंतु पेशीच्या केंद्रकात दडून बसलेले त्याचे डीएनएचे वलय आरएनए कापून हलत नाही.