पूर्वार्धाची कीर्ति आणि उत्तरार्धाचें ओझें

लोकांना आवडलेल्या कथेचा दुसरा भाग काढण्याचा मोह नाटककंपन्यांना, प्रकाशकांना आणि चित्रपटांच्या धनकोंना पूर्वींपासून पडत आला आहे. त्यांत व्यवहार आहे हें उघडच आहे. परंतु केवळ व्यवहार म्हणून त्याची बोळवण करतां येत नाहीं. पहिल्या भागांत कांहीं अपुरें राहिलें असेल, तर दुसऱ्याला जन्मास येण्याचा अधिकार असतो. तसें नसेल, तर तो नुसती पुनरुक्ति ठरतो. १९७५ सालच्या एप्रिलमध्यें ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. एखाद्या उत्तरार्धाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्याच महिन्यांत अमेरिकेंत आणखी एक उत्तरार्ध पडद्यावर आला. त्याचें नांव ‘फ्रेंच कनेक्शन, भाग दुसरा’. त्याच्या वांट्याला ऑस्कर आलें नाहीं, पहिल्यासारखी गर्दीहि झाली नाहीं. आणि तो पहिल्याच्या तोडीचा आहे कीं नाहीं, हा वाद रसिकांत पुढें चालूच राहिला. या वादाचा निवाडा करावयाचा तर चित्रगृहाबाहेर, न्यूयॉर्कच्या पोलीसकचेरींत आणि मार्सेयच्या बंदरांतहि डोकावावें लागतें. कारण या कथेच्या मुळाशीं एक खरा खटला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत अमेरिकेंत चोरून येणाऱ्या हेरॉइनचा फार मोठा भाग फ्रान्समार्गें येत असे. तुर्कस्तानच्या शेतांत अफू पिके. तिच्यापासून काढलेला मॉर्फीनचा कच्चा माल भूमध्य समुद्रावरील मार्सेय बंदराच्या परिसरांत येई. तेथील आडबाजूच्या घरांत थाटलेल्या गुप्त भट्ट्यांतून त्याचें हेरॉइन होई आणि मग तें नाना युक्त्यांनीं दडवून अटलांटिकपार पाठविलें जाई. १९६१ सालच्या ऑक्टोबरांत एडी ईगन व सॉनी ग्रोसो हे न्यूयॉर्कचे दोन गुप्त पोलीस एका रात्रीं करमणुकीखातर नाइटक्लबमध्यें गेले असतां, शेजारच्या टेबलावर मुक्त हस्तानें पैसे उधळणाऱ्या एका माणसाकडे त्यांचें लक्ष गेलें. पाठीवर राहून शोध घेतां तो ब्रुकलिनमधील एका लहानशा उपाहारगृहाचा मालक निघाला. एवढ्या कमाईवर एवढी उधळपट्टी कशी, या एका शंकेचा धागा धरून ते दोघे १९६२ च्या आरंभीं एका मोठ्या टोळीपर्यंत पोंचले. फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवरील एका प्रसिद्ध निवेदकाची ब्यूक मोटार बोटीनें न्यूयॉर्कला आली होती. तिच्या पत्र्याच्या पोकळींत हेरॉइन भरलेलें होतें. माल पकडला गेला, कांहीं माणसें गजाआड गेलीं. परंतु मुख्य सूत्रधार मानला गेलेला फ्रेंच इसम मात्र पोलिसांच्या हातून निसटला.

रॉबिन मूर यानें या खटल्यावर लिहिलेलें पुस्तक १९६९ सालीं निघालें आणि त्याच्या आधारें विल्यम फ्रीडकिन यानें दिग्दर्शित केलेला चित्रपट १९७१ च्या ऑक्टोबरांत प्रदर्शित झाला. फ्रीडकिननें पूर्वीं फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्यावर अनुबोधपट काढला होता. त्या कामांत कमावलेली नजर येथें त्याच्या उपयोगीं पडली. छायालेखक ओवेन रॉइझमन यानें न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या हिवाळ्यांत, पुष्कळदां हातांत धरलेल्या कॅमेऱ्यानें चित्रें टिपलीं. ईगनवरून बेतलेला, ‘पॉपाय’ या टोपणनांवानें ओळखला जाणारा जिमी डॉइल जीन हॅकमननें उभा केला. हा डॉइल उद्धट आहे, वर्णद्वेष्टा आहे, हट्टी आहे. गुन्हेगार पकडण्याच्या नादांत तो गुन्हेगाराइतकाच निर्दय होतो. उलट टोळीचा म्होरक्या शार्निए, म्हणजे स्पॅनिश नट फर्नांदो रे, हा सभ्य, रुबाबदार आणि मृदुभाषी. एका प्रसंगीं शार्निए उपाहारगृहांत बसून सावकाश सुग्रास भोजन करीत आहे आणि रस्त्यापलीकडे डॉइल थंडींत कुडकुडत, हातांत पिझ्झा घेऊन, बेचव कॉफी रस्त्यावर ओतून देत उभा आहे. कायद्याच्या बाजूचा माणूस कोठें आणि पैशाच्या बाजूचा माणूस कोठें, हें सांगावयास त्या दृश्याला एकाहि वाक्याची गरज पडत नाहीं.

पुलावरून धांवणारी आगगाडी आणि खालच्या रस्त्यावरून तिच्यामागें बेफाम सुटलेली डॉइलची मोटार, हा पाठलाग जगभर गाजला. परंतु चित्रपटाचें खरें धैर्य त्याच्या शेवटांत आहे. एका पडीक इमारतींत डॉइल एका सावलीवर गोळी झाडतो. मरून पडतो तो त्याच्याच बाजूचा अधिकारी. डॉइल क्षणभरहि ओशाळत नाहीं. तो पुढच्या अंधारांत शिरतो, एक बार ऐकूं येतो, आणि चित्र संपतें. मग पडद्यावर कांहीं कोरड्या ओळी उमटतात: शार्निए सांपडला नाहीं, एक धनिक आरोपी योग्य पुराव्याअभावीं सुटला, डॉइल व त्याचा जोडीदार यांची खात्यांतून बदली झाली. खटल्याचा तपशील चित्रपटानें पुष्कळ बदलला होता, पण त्याच्या अपुरेपणाला मात्र त्यानें धक्का लावला नाहीं. १९७२ च्या एप्रिलमध्यें त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि प्रमुख नट यांसह पांच ऑस्कर पारितोषिकें मिळालीं.

त्या समारंभाला वर्ष होण्यापूर्वींच इतिहासानें या कथेला स्वतःचा एक उत्तरार्ध जोडला. डिसेंबर १९७२ मध्यें असें उघडकीस आलें कीं, न्यूयॉर्क पोलिसांच्या मालखान्यांत पुरावा म्हणून ठेवलेलें शेंकडों पौंड हेरॉइन कोणीतरी हळूहळू पळविलें असून त्याच्या जागीं साधी पांढरी भुकटी भरून ठेवली आहे. ईगन व ग्रोसो यांच्या खटल्यांतला मालहि त्यांतच गेला होता. ज्या विषासाठीं दोन माणसांनीं रात्रींच्या रात्रीं थंडींत जागून काढल्या, तें पोलिसांच्याच कुलपांतून पुन्हां बाजाराच्या वाटेला लागलें. दरम्यान फ्रान्स व अमेरिका यांच्या सरकारांनीं एकत्र येऊन मार्सेयच्या भट्ट्यांवर धाडी घातल्या होत्या, आणि तुर्कस्ताननें अफूच्या लागवडीवर बंदी घातली होती. ती १९७४ सालीं उठली. याप्रमाणें जुनी वाट बरीचशी मोडली. पण ती एका शूर पोलिसाच्या पिस्तुलानें मोडली नाहीं. करारमदार, कचेऱ्या आणि अनेकांचे परिश्रम यांनीं ती मोडली.

अशा वेळीं दुसरा चित्रपट काढणारांपुढें अडचण उभी राहिली. पहिल्याच्या पाठीशीं खटला होता. दुसऱ्याच्या पाठीशीं कल्पनेवांचून कांहीं नव्हतें. दिग्दर्शनाचें काम जॉन फ्रँकनहायमर याच्याकडे आलें. फ्रान्स त्याला नवा नव्हता. ‘द ट्रेन’ हा त्याचा युद्धपट तेथेंच घडला होता. त्यानें डॉइलला न्यूयॉर्कमधून उचलून थेट मार्सेयला नेऊन सोडलें. डॉइल पोंचतो तो दिवस नेमका एक एप्रिल. कोणा खोडसाळानें दिलेल्या खोट्या खबरीवरून फ्रेंच पोलीस माशांचीं पोटें चिरून हेरॉइन शोधीत आहेत! स्वतःच्या शहरांत वाघ असलेला हा माणूस येथें भाषा कळत नाहीं म्हणून मद्याचा एक पेला मागतांनाहि घायकुतीस येतो. फ्रेंच अधिकारी बार्थेलेमी (नट बर्नार फ्रेसाँ) त्याला सहन करतो, पण त्याचा वापर करतो तो शार्निएला बाहेर काढण्याचें आमिष म्हणून. सुप्रसिद्ध चित्रकार रेन्वार यांचा नातू क्लोद रेन्वार यानें टिपलेलें तें भर उन्हांतलें बंदर डोळ्यांना सुखावतें. पण न्यूयॉर्कच्या त्या गारठलेल्या रस्त्यांची भेदकता त्यांत नाहीं.

आणि तरीहि या चित्रपटाच्या मध्यभागीं असें कांहीं घडतें, जें पहिल्यांत कोठेंहि नाहीं. शार्निएचीं माणसें डॉइलला पळवितात आणि एका दरिद्री हॉटेलच्या खोलींत डांबून दिवसामागून दिवस हेरॉइनच्या सुया टोंचतात. पूर्ण व्यसनाधीन झाल्यावर त्याला पोलीसकचेरीच्या दारांत टाकून देतात. पहिल्या चित्रपटांत हेरॉइन हा माल होता: वजन करण्याचा, शुद्धता तपासण्याचा, मोटारींत दडविण्याचा. तें अखेर कोणाच्या शरीरांत जातें, हा प्रश्न तेथें दूरच राहिला होता. येथें तें पाठलाग करणाऱ्याच्याच शिरांत उतरतें. त्या खोलींत एक वृद्ध स्त्री (कॅथलीन नेस्बिट) मायेनें त्याच्या उशाशीं बसते, आणि हळूच त्याच्या हातांतलें घड्याळ काढून घेते. तिच्या दंडावर सुयांचे व्रण आहेत. त्या एका दृश्यांत सगळ्या व्यापाराचा जमाखर्च मांडलेला आहे.

पुढें तळघरांतील कोठडींत डॉइलचें व्यसन एकदम तोडलें जातें. जीन हॅकमनचा अभिनय येथें पहिल्या चित्रपटाच्याहि पुढें जातो. तो ओरडतो, भीक मागतो, रडतो, आणि मधल्या एका शांत घटकेंत बार्थेलेमीला आपल्या तारुण्यांतली हकीकत सांगतो: बेसबॉलच्या एका नामांकित संघांत निवड व्हावी म्हणून तो गेला होता, तेथें मिकी मँटल नांवाच्या खेळाडूचा खेळ पाहिला आणि आपली पायरी ओळखून पोलिसांची परीक्षा दिली. ऐकणाऱ्या फ्रेंच माणसाला बेसबॉलमधलें अक्षरहि कळत नाहीं. पण समोरच्याचें दुःख कळतें. पूर्वार्धांतला डॉइल हा केवळ एक धांव होता. उत्तरार्धांत त्या धांवेमागचा माणूस दिसतो.

दुर्दैवानें चित्रपट तेथें थांबत नाहीं. बरा झालेला डॉइल तें हॉटेल पेट्रोल ओतून जाळतो, कोरड्या गोदींत पाण्याचा लोंढा सुटतो, बंदुका कडाडतात. ज्या वेदनेनें प्रेक्षक अंतर्मुख झाला होता, ती सूडाचें भांडवल म्हणून खर्ची पडते. शेवटीं धांपा टाकीत, पाय ओढीत धक्क्यापर्यंत पोंचलेला डॉइल होडींतून निसटणाऱ्या शार्निएला हांक मारून गोळ्या घालतो आणि क्षणार्धांत पडदा काळा होतो. पहिल्या भागानें उघडें ठेवलेलें खातें दुसऱ्यानें मिटविलें. पण तें मिटविण्याचा अधिकार त्याला होता काय? खऱ्या जगांत तें खातें तसें मिटलें नव्हतें. उलट, जप्त मालसुद्धां कुलपांतून नाहींसा झाला होता.

म्हणून निवाडा दुहेरी द्यावा लागतो. एकसंध कलाकृति म्हणून उत्तरार्धाला पूर्वार्धाची सर नाहीं. पहिल्याचा शेवट प्रेक्षकाला अस्वस्थ करून घरीं धाडतो, दुसऱ्याचा शेवट त्याची समजूत घालतो. आणि समजूत घालणाऱ्या कलेपेक्षां अस्वस्थ करणारी कला अधिक दिवस टिकते. परंतु त्या कोंदट खोलींत आणि त्या कोठडींत दुसऱ्या भागानें पहिल्याचें एक जुनें देणें फेडलें आहे. मालाच्या मागें धांवतांना पहिला ज्या माणसाला विसरला होता, त्याची आठवण दुसऱ्यानें ठेवली. फ्रँकनहायमर २००२ सालीं, फ्रीडकिन २०२३ सालीं आणि हॅकमन २०२५ सालीं कालवश झाले. त्यांच्या मागें राहिलेले हे दोन चित्रपट लागोपाठ पाहणाराला कळून येतें कीं, पहिल्यांत न्याय निसटतो म्हणून तो खरा वाटतो; दुसऱ्यांत खरा वाटतो तो न्याय नव्हे, तर घड्याळ गेलेला तो रिकामा हात.