बी-एच वक्र, पोलादाचा
चुंबकी क्षेत्र (एच) व त्यामुळे पोलादात निर्माण होणारे प्रवर्तन (बी) यांचा संबंध दाखविणारा आलेख. जेम्स आल्फ्रेड युइंग यांनी १८८० नंतरच्या दशकात अशा वक्रांचा अभ्यास करून ‘हिस्टेरेसिस’ (क्षेत्राच्या बदलामागे प्रवर्तन रेंगाळणे) ही संज्ञा रूढ केली. विद्युत् पोलादाचे मापन एप्स्टाइन चौकटीत ३० मिमी. रुंदीच्या पट्ट्या रचून करतात (आयईसी ६०४०४-२). वक्र प्रथम झपाट्याने चढतो व सुमारे २ टेस्लाजवळ संतृप्तीकडे झुकतो. विद्युत् पोलादाच्या एम४००-५०ए प्रतीची जाडी ०.५० मिमी. असून १.५ टेस्ला व ५० हर्ट्‌झला ऊर्जाक्षय प्रतिकिग्रॅ. कमाल ४ वॉट असतो. १०१०, १०२० यांसारख्या पोलादांची प्रत रासायनिक संघटनावरून ठरते; चुंबकी गुणांची हमी नसते. हे गुण शीतकर्म व अनुशीतनानेही बदलतात. त्यामुळे संगणकीय प्रतिरूपणातील तयार वक्र नमुनादर्शक समजतात. अचूक अभिकल्पासाठी प्रत्यक्ष नमुन्याचे मापन लागते. (पहा : चुंबकत्व, पोलाद, रोहित्र).