तीन प्लसची कुळकथा

जठराच्या कॅन्सरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर ‘हर-टू : 3+’ असं वाचलं की घरच्यांच्या पोटात गोळाच येतो. कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेला, असा समज होतो. शेजारीच गाठीची ग्रेड छापलेली असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. या दोन्ही आकड्यांची कुळं मात्र वेगवेगळी आहेत.

ग्रेडचं कूळ जुनं. 1920 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठाच्या कॅन्सरचे 537 रुग्ण अभ्यासले आणि गाठींच्या चार प्रती लावल्या. पेशी आपलं मूळ रूप जितकं विसरलेल्या, तितकी प्रत वरची. जठरातही पेशींनी ग्रंथींची बांधणी कितपत सांभाळली आहे, हेच पाहतात.

हर-टूची कथा सुरू होते उंदरांपासून. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेले लक्ष्मीचरण पाढी काम करत होते. उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या गाठींचा डीएनए दुसऱ्या पेशींत घातला, की त्या पेशीही कॅन्सरच्या होत. अशा गाठी अंगावर वाढलेल्या उंदरांच्या रक्तातल्या अँटिबॉडी एका ठरावीक प्रथिनाला चिकटतात, हे पाढी आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं. म्हणजे या प्रथिनाचा माग पहिल्यांदा लागला तोच अँटिबॉडीमुळे. 1985 मध्ये त्याचा माणसातला भाऊबंद सापडला आणि हर-टू हे नाव रूढ झालं.

पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांना जठराच्या कॅन्सरच्या पेशींत हर-टू बनवणाऱ्या जनुकाच्या वाजवीपेक्षा कितीतरी जास्त प्रती आढळल्या. तरी पुढची वाटचाल झाली ती स्तनाच्या कॅन्सरमधून. 1987 मध्ये डेनिस स्लेमन यांनी तिथलं हर-टूचं महत्त्व दाखवलं, 1998 मध्ये हर-टूवर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. जठराच्या रुग्णांना त्यासाठी आणखी बारा वर्षं थांबावं लागलं. हा उशीर मला आजही खटकतो.

हर-टूला 3+ सारखे गुण देण्याची रीतही आधी स्तनासाठीच बसलेली होती. गाठीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक करतात, त्याचा अतिपातळ काप स्लाइडवर घेतात आणि त्यावर हर-टूला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. जिथे हर-टू असेल तिथे पेशीच्या कडेला तपकिरी रंग चढतो. स्तनात हा रंग पेशीभोवती पूर्ण कडं धरतो आणि कडं पूर्ण असणं हीच तिथली मुख्य खूण. जठरातली ग्रंथी बांधणारी पेशी तशी नसते. तिची एक बाजू ग्रंथीच्या पोकळीकडे उघडते आणि तिथे बहुधा रंग येत नाही. तळ आणि दोन कुशी रंगतात. आकार होतो इंग्रजी ‘यू’सारखा. त्यात रंग सगळीकडे सारखा नसतो. एक पट्टा गडद, तर शेजारचा कोरा. स्तनाची फूटपट्टी लावली, तर अशा कितीतरी गाठी नापास ठरल्या असत्या.

म्हणून 2008 मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी जठरासाठी वेगळे नियम मांडले. अर्धवट कडंही धरायचं. शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीत किमान दहा टक्के पेशी रंगलेल्या हव्यात, पण एंडोस्कोपीतून घेतलेल्या चिमूटभर तुकड्यात पाच पेशींचा पुंजकाही पुरे. भिंगाचाही एक उपयोगी दंडक पुढे आला: कमी ताकदीच्या भिंगातच रंग ठळक दिसला तर 3+, मधलं भिंग लागलं तर 2+, सर्वांत मोठं लागलं तर 1+. 2+ आल्यास ‘फिश’ तपासणी करून जनुकाच्या प्रती मोजतात.

जठराच्या कॅन्सरवर ट्रास्टुझुमॅब तपासणाऱ्या, 24 देशांतल्या ‘टोगा’ चाचणीचा निकाल 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या केमोथेरपीवर मध्यक आयुर्मान 11.1 महिने होतं, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर 13.8. फरक थोड्या महिन्यांचा, तरी पुढे गेलेल्या जठराच्या कॅन्सरमध्ये तो मोलाचा होता. ज्यांच्यात हर-टू भरपूर होतं, त्यांना फायदा अधिक झाला.

तेव्हा 3+ दिसलं तर धीर सोडू नका. ती स्टेज नव्हे. एक जादा औषध लागू पडण्याची शक्यता आहे, एवढाच 3+ चा अर्थ. आणि घरात कुणाचा जठराचा कॅन्सर पसरलेल्या अवस्थेत सापडला असेल, तर उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा: हर-टू तपासलं का?