बेंझीन : एका आकड्याची नऊ वर्षे

रबर विरघळविण्यासाठी आणि गोंद पातळ करण्यासाठी कारखान्यांत बेंझीन सर्रास वापरले जाई. या द्रावकाची वाफ श्वासावाटे शरीरात जाते आणि अस्थिमज्जेवर घाला घालते. १९७४ साली इस्तंबूलचे रक्तविकारतज्ज्ञ मुझफ्फर अक्सोय यांनी पादत्राणे बनविणाऱ्या कारागिरांमधील रक्ताच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. १९७७ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या रबर कामगारांतही तोच आजार वाढलेला आढळला.

१९७८ साली ‘ओशा’ या अमेरिकी कामगार-सुरक्षा प्रशासनाने हवेतील बेंझीनची मर्यादा दशलक्ष भागांमागे १० भागांवरून १ भागावर आणली. तेल उद्योगाने त्यास न्यायालयात आव्हान दिले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्दबातल ठरविला. जुन्या मर्यादेत लक्षणीय धोका आहे, हे प्रशासनाने आधी दाखवावे, असा त्या निकालाचा आशय होता.

पुराव्यांची नव्याने मांडणी होऊन १९८७ साली नियम पुन्हा जाहीर झाला. मर्यादा तीच होती, १ भाग. मधल्या काळात कायद्याने कामगारांच्या श्वासात दहापट बेंझीन मान्य केले होते. बेंझीनविषयक १९७१ च्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराला भारताने मान्यता दिली, ती १९९१ साली.