भूमीची वाट आणि ध्वनीची वाट

ध्वनिमिश्रक यंत्रांत ऐकूं येणाऱ्या घरघरीचा इतिहास तारायंत्रापासून सुरू होतो. १८३८ सालीं श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, संदेशाला परतीची दुसरी तार लागत नाहीं. तें काम भूमीच करिते. टेलिफोननेंही ही काटकसर उचलली. पुढें विजेच्या ट्रामगाड्यांचा प्रवाह रुळांतून व भूमींतून परतूं लागला, आणि संभाषणांत घरघर मिसळली. तिच्यावरचा उपाय ग्रॅहॅम बेल यांच्या १८८१ च्या पेटंटांत होता: एकमेकींभोंवतीं पिळलेल्या दोन तारा. दोहोंत सारखाच शिरलेला उपद्रव शेवटीं वजा होतो.

स्टुडिओंतील १९ इंची रॅक टेलिफोनच्याच जगांतून आला. ही दुतारी जोडणीही तेथलीच. तरीही घरघर थांबावी म्हणून कांहीं जण प्लगाची अर्थिंगची पिनच काढून टाकतात! मग आंतील तार सुटून पेटीला टेकली, तर २३० व्होल्टचा दाब पेटीवर येतो आणि मायक्रोफोन धरणारा मनुष्यच त्या प्रवाहाची भूमीकडील वाट बनतो. म्हणून प्रत्येक यंत्राचें अर्थिंग शाबूत ठेवावें, सर्व यंत्रांना वीज एकाच ठिकाणाहून द्यावी, आणि ध्वनि संतुलित दुतारी जोडणीनें न्यावा. ध्वनीला त्याची स्वतंत्र वाट द्यावी; भूमीची वाट जीवितरक्षणासाठीं राखून ठेवावी.