रानपिंगळ्याची ११३ वर्षं

पिंगळा आपल्या ओळखीचा आहे. गावातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला विजेच्या तारेवर बसून कलकलाट करणारा हा घुबडांच्या जातकुळीतला लहानसा पक्षी. भल्या पहाटे कुडमुडं वाजवत दारी येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो, कारण त्याला म्हणे या पाखराची भाषा कळते. आज बोलायचं आहे ते याच्या रानातल्या भावाबद्दल, रानपिंगळ्याबद्दल. हा पक्षी तब्बल ११३ वर्षं हरवला होता. खरं तर तो आपल्या जागी, खानदेशातच होता. शोधणारेच वाट चुकले होते, आणि ती वाट एका माणसानं मुद्दाम चुकवली होती.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचं नाव आपण शाळेत काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून पाठ करतो. पण हा गोरा सनदी अधिकारी पक्ष्यांचा मोठा अभ्यासक होता आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्षिविषयक नियतकालिक चालवत असे. १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एक निराळा पिंगळा मारून ह्यूमकडे पाठवला. १८७३ मध्ये ह्यूमनं ही नवी जात जाहीर केली आणि तिला ब्लेविटचं नाव दिलं. पुढं जेम्स डेव्हिडसन हा दुसरा सनदी अधिकारी खानदेशात आला. सरकारी कामाच्या फिरतीत सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात त्यानं आणखी काही रानपिंगळे मिळवले. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीही त्यानं छापली. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीची नोंद नाही. उरले ते संग्रहालयांच्या कपाटांतले मोजून सात नमुने.

त्या सातांपैकी एकाच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, तापीकाठ, १९१४. मांडवी गुजरातेत, सुरतेच्या बाजूला. चिठ्ठी लिहिणारा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. लष्करातला मोठा माणूस, गुप्तहेर म्हणून नावाजलेला, पक्षिशास्त्रात तर अधिकारीच. आपले डॉ. सालिम अली १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर संशय घ्यायचा कुणी? या चिठ्ठीमुळं रानपिंगळा गुजरातेतही असल्याचं आणि निदान १९१४ पर्यंत जिवंत असल्याचं ग्रंथांत नोंदलं गेलं. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही हा पक्षी शोधून पाहिला, पण हाती काही लागलं नाही. बहुतेकांनी मनातल्या मनात त्याला नामशेष ठरवून टाकलं.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासक भारतीय पक्ष्यांच्या ग्रंथासाठी संग्रहालयांतले जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्झहागेनचा पिंगळा त्यांना खटकला. प्रत्येक नमुनेकाराचा हात निराळा असतो, जसा प्रत्येक शिंप्याचा. कापूस कसा भरायचा, टाका कुठं घालायचा, पंख कसे बांधायचे, हे ज्याचं त्याचं ठरलेलं. या नमुन्याची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. आतलं काम डेव्हिडसनचं होतं. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेला पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून उचलला, थोडा नव्यानं सजवला आणि वर स्वतःची चिठ्ठी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सगळं पुराव्यानिशी छापलं. या एका पक्ष्यापुरतंच हे नव्हतं. त्याचे कितीतरी नमुने चोरीचे निघाले. चोर १९६७ मध्येच मरण पावला होता, त्यामुळं जाब विचारायचा राहून गेला.

मांडवीची नोंद खोटी म्हटल्यावर शोधाचा नकाशाच बदलला. उरल्या फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा : पूर्वेकडची रानं आणि खानदेश. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं आधी पूर्वेकडं गेले. तिथं निराशा झाली. मग ते शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या उतारावर आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, चांगल्या उजेडात, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. डोक्यावर नेहमीच्या पिंगळ्यासारखे पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरंशुभ्र, पाय दणकट आणि पिसांनी झाकलेले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते जागेचं. हे काही दुर्गम, निबिड अरण्य नव्हे. साग, सलई, धावडा, ऐन, मोह यांचं हे पानझडीचं रान. उन्हाळ्यात पार उघडं पडणारं, गुरं चरणारं, भिल्ल-पावरा वस्त्यांना लागून असलेलं. सरकारी दप्तरात ते राखीव जंगल, पण वाघ नाही म्हणून तिथं पर्यटकाची जीप येत नाही. रानपिंगळ्याला नेमकं असंच विरळ रान लागतं. तो दिवसाढवळ्या शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत खाली पाहतो आणि मुख्यतः सरडे-पाली टिपतो, उंदीरही खातो. दाट झाडोऱ्यात त्याला भक्ष्य दिसणार कसं?

पण घरट्यासाठी त्याला ढोली हवी, आणि ढोल्या असतात जुन्या, कुठं कुठं वाळलेल्या झाडांत. जळणासाठी कुऱ्हाड आधी पडते ती त्याच झाडांवर. शेताची बांधबंदिस्ती रानात सरकते तीही पायथ्याच्या सपाटीवर, म्हणजे याच्या मुलखात. उंचावरचा, कड्याकपारींचा भाग वाचतो, पण तिथं हा फारसा राहत नाही.

१९९७ नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ आणि मेळघाटात या पक्ष्याचा माग काढला. मध्य प्रदेशातल्या सातपुड्यातही तो सापडला. २०१४ मध्ये तर तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात दिसला. तिथं तो असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याची जागा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी एक पायरी खाली आली. म्हणजे पक्षी वाढले असं नाही, आपण अधिक ठिकाणी पाहिलं. मेळघाटला व्याघ्रप्रकल्पाचं छत्र आहे. शहादा-तळोद्याकडच्या पायथ्याच्या रानावर मात्र तसं छत्र नाही.