पुण्याजवळ घडलेले नाक आणि न नोंदवलेले नाव

१/ कावसजी हा तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा मराठा शेतकरी. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून जगला. पुढे पुण्याजवळ त्याला नवे नाक मिळाले. ते घडवणारा कोण होता?

२/ इंग्रजी वृत्तांत सांगतो : विटा पाडणाऱ्या जातीचा एक माणूस. बस्स, एवढेच.

३/ त्याची रीत मात्र तपशीलवार नोंदलेली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात घडवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची; पण भुवयांमधली अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. रक्तपुरवठा तिच्यातूनच चालू राहतो. मग कातडी अर्धी पिळून खाली आणायची व नाकाच्या जागी घेतलेल्या छेदात बसवायची.

४/ सांधा धरण्यासाठी पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापायची.

५/ सुश्रुतसंहितेत मापासाठी झाडाचे पान आणि कातडीसाठी गाल सांगितला आहे. येथे मेण आणि कपाळ. म्हणजे ही केवळ ग्रंथाची नक्कल नव्हे. हातांनी जपलेली आणि बदलत नेलेली विद्या होती.

६/ ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत कावसजीच्या चित्रासह छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

७/ आज अंड्याच्या टाकाऊ कवचातील कॅल्शियमपासून हाडातील खनिजासारखे द्रव्य बनवले जाते. कवचाच्या आतील पापुद्रा जखमेवर आवरण म्हणून वापरून पाहिला जातो. साध्या वस्तूंतून ऊती सांधण्याची ही वाट नवी नाही. मेण, कात, तूप : कारागिराच्या आणि घरातल्याच वस्तू.

८/ रुग्णाचे नाव उरले, साक्षीदार इंग्रज डॉक्टरांची उरली, कार्प्यूचे उरले. ज्याच्या हाताला ही विद्या येत होती, त्याचे नाव कोणी विचारलेच नाही. दप्तर वाचताना म्हणून एक प्रश्न कायम जवळ ठेवावा : लेखणी कोणाच्या हातात होती आणि काम कोणाच्या?